साप, ससा आणि नीलमच्या लग्नाची रजा

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये, अशीच ती गोष्ट आहे. माझाही बसला नसता, पण ती माझ्याच बाबतीत घडल्यामुळे माझा नाइलाज आहे! भर शटडाऊनमध्ये रजा मंजूर करून घेणारा माणूस अख्ख्या बहारीनमध्ये एकच होऊन गेला, तो म्हणजे मी, गोपीनाथ. आणि ती रजा मला कुणी मिळवून दिली? एका चिनी ताऱ्याने!

"काका, तारा रजा देतो?" रुपेशने विचारलं. रुपेश आणि त्याच्यासारखी दोन-तीन नवी टेक्निशियन पोरं दर शुक्रवारी ईसा टाउनला आमच्याकडे जेवायला येतात. पोरं चांगली आहेत, पण शंका फार काढतात.

"जेवताना शंका काढू नये," मी म्हटलं. "अपचन होतं."

ही पंच्याण्णव सालची गोष्ट. मी मआमीरच्या एका वर्कशॉपात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, नीलमचं लग्न अकोल्याला ठरलं. वडील नव्हते. आईचा फोन आला, "तू आला नाही त लोक म्हनतीन, पोरीले भाऊ हाये का नाही?" आणि नेमकं त्याच महिन्यात सितऱ्याच्या एका कारखान्याचं शटडाऊन आमच्या गळ्यात पडलं होतं. शटडाऊन म्हणजे काय, तर कारखाना बंद आणि आम्ही चोवीस तास चालू!

रजा द्यायची की नाही हे पर्सोनेलचे नजीबसाहेब ठरवायचे. बुसैतीनचा माणूस. अंगात पांढराशुभ्र पायघोळ थोब, आणि त्याला इस्त्रीची घडी अशी की तिच्यावर कांदा चिरावा! बोलणं मोजकं. मी आत गेलो, बहिणीचं लग्न म्हटलं. त्यांनी मानही वर केली नाही.

"शटडाऊन खलास, देन लीव्ह. नाऊ मफी लीव्ह. यल्ला!"

मफी म्हणजे नाही, आणि यल्ला म्हणजे चालू पड! मी तोंड पाडून कँटीनमध्ये बसलो होतो. समोर मिस्टर तान. हा मलेशियाचा चिनी, वेल्डिंग इन्स्पेक्टर. वेल्डच्या एक्स-रेमध्ये केसाएवढी चीर शोधणारा माणूस. माझ्या चेहऱ्यावर तर एवढी मोठी भेग पडलेली! त्याने कारण विचारलं, मग जन्मतारीख विचारली. पासपोर्टवरची सांगितली. एक जून, एकोणीसशे पंचावन्न.

दुसऱ्या दिवशी तो माझी पत्रिका मांडूनच आला. म्हणाला, जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि तास हे माणसाचे चार खांब. आणि ज्याच्या त्याच्या पत्रिकेत उपकार करणारा एक तारा असतो. संकट आलं की तो तारा एखाद्या माणसाच्या रूपाने दारात उभा राहतो.

"रजा देतो?" मी विचारलं.

"मदत देतो. कसली, ते त्याचं तो ठरवतो. तुमचा दिवस पाण्याचा आहे मिस्टर गोपी. पाण्याच्या माणसाला दोघे तारतात. एक ससा आणि दुसरा साप!"

म्हणजे सशाच्या आणि सापाच्या वर्षी जन्मलेली माणसं. चिनी लोकांची वर्षं अशी बाराच, एकेका जनावराच्या नावाची.

घरी येऊन मी ही बातमी सांगितली, तर आमच्या सुमनबाईंनी हातातलं लाटणं तसंच वर धरलं.

"आपल्या घरात पत्रिका? लग्न जमवताना तुम्हीच माझ्या बाबांना काय म्हणाला होता? आम्ही असलं काही मानत नाही म्हणून!"

"ती आपल्याकडची पत्रिका! ही चिनी आहे. चीन म्हणजे आपल्याच धम्माचा मुलूख. तिथली पत्रिका म्हणजे एका परीने घरचीच!"

"आणि साप मदत करणार?"

"का नाही करणार? तथागतांवर पाऊस कोसळत होता तेव्हा फणा कुणी धरला? मुचलिंद नागराजाने! त्यांना साप चालतो आणि मला चालत नाही?"

वादात हरली की ती पोळी करपवते. त्या रात्री आम्ही काळ्या पोळ्या खाल्ल्या.

आता साप शोधायचा कसा? पर्सोनेलमध्ये माझा दोस्त होता मुनाफ, रत्नागिरीचा. सगळ्या स्टाफची कार्डं त्याच्या हातातून जायची, आणि त्याचं अरबी नजीबसाहेबांहून जलद.

"गोपीभाई, तू खुळावलास काय?" तो म्हणाला. पण दोस्त तो दोस्त. संध्याकाळी खबर घेऊन आला. सशाच्या वर्षातला एकच, कँटीनचा आचारी. त्याने फार तर एक चपाती जास्त दिली असती. आणि सापाच्या वर्षातला?

"त्रेपन्न सालचा एकच आहे," मुनाफ म्हणाला. "आपले नजीबसाहेब."

मंडळी, मला खुर्चीवर उभं राहून नाचावंसं वाटलं! ज्याच्या हातात रजा, तोच माझा तारा! फक्त त्या बिचाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. म्हटलं, आपणच जाऊन सांगावं. मी तडक केबिनमध्ये घुसलो, छातीवर हात ठेवला आणि मोठ्या प्रेमाने म्हणालो,

"सर, गुड न्यूज! यू आर माय स्नेक!"

नजीबसाहेबांनी प्रथमच मान वर केली.

"हू स्नेक?"

"यू, सर! व्हेरी बिग स्नेक!"

साहेब उभे राहिले. मुनाफ धावत आला आणि माझा जीव वाचवायला अरबीत भराभर काहीतरी बोलला. साहेबांचा चेहरा लालचा गुलाबी झाला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"सांगितलं, याच्या मुलखात सापाला फार मान. दूध पाजतात, पाया पडतात."

"अरे, ते दुसरे! आम्ही नागपंचमी करत नाही!"

"मग परत आत जाऊन सांगू तसं? म्हणू, मान नाही, नुसताच साप?"

मी कामाला निघून गेलो. पण गोष्ट माझ्याही पुढे गेली. दुपारपर्यंत अख्ख्या वर्कशॉपात झालं की गोपीनाथच्या घरी साप पाळतात. पठाण वेल्डर माझ्यापासून दोन हात लांब उभे राहायला लागले. मल्याळी फिटर विचारायला लागले की विषावर औषध आहे का. आणि चौथ्या दिवशी नजीबसाहेबांचं स्वतः बोलावणं आलं!

"गोपी, यू नो स्नेक. स्टोअरमध्ये स्नेक आलाय. कॅच!"

स्टोअरकीपर दाराबाहेर स्टुलावर चढून उभा. आत अंधार. मी म्हणणार होतो की साहेब, सापाशी माझी ओळख फक्त पत्रिकेतली आहे. पण साहेब पुढे बोलले, "यू कॅच स्नेक, देन वी टॉक लीव्ह."

लीव्ह! डोळ्यांपुढे नीलम आली, मांडव आला. मी हातात लोखंडी पाइप घेतला आणि आत शिरलो. रॅकच्या खाली काळाकुळकुळीत, मनगटाएवढा जाड, चांगला दोन पुरुष लांब! मला बघून तो हलला. (मीच रॅकला धडकलो होतो, पण हे नंतर कळलं.) मी डोळे मिटले आणि पाइप घातला. ठिणग्या उडाल्या! मला वाटलं, काय जहाल विष! दुसरा घातला, तर मी फेकला जाऊन बुटांच्या खोक्यांत पडलो, आणि वर्कशॉपातले सगळे दिवे, पंखे, क्रेन, वेल्डिंग मशिनं एका दमात बंद पडली.

मी मेन केबल मारली होती.

"मफी लीव्ह!" अंधारातून नजीबसाहेबांचा आवाज आला. "मफी गोपी! टुमॉरो सितरा, टँकच्या आत!"

"काका, तुम्हाला शॉक नाही लागला?" रुपेशने विचारलं.

"लागला ना! तेव्हापासून माझे केस असे आहेत."

"अहो, हळू बोला जरा," सुमनबाई म्हणाल्या. "नीलम आत झोपलीय. कालच तर आली बिचारी व्हिजिटवर. आणि केस तुमचे लग्नातही असेच होते."

तर मी सरळ मिस्टर तानची गचांडी धरली. "तुमच्या सापाने माझा घात केला!"

"अशक्य," तो शांतपणे म्हणाला. "पत्रिका चुकत नाही. जन्मतारीख बरोबर आहे ना? मला केव्हाचं विचारायचं होतं. या वर्कशॉपातल्या पाच महाराष्ट्रीयन लोकांच्या पत्रिका मी मांडल्या. पाचही जण एक जूनचे! मला वाटलं, तुमच्याकडच्या बायका त्या शुभदिवसाची वाट बघत थांबतात."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर्कशॉपातला अजून आला नव्हता, पण माझ्या डोक्यातला आला! आता त्या मलेशियाच्या माणसाला कसं समजावायचं? शाळा जूनमध्ये उघडते. बाप पोराला घेऊन जातो. हेडमास्तर विचारतात, जन्मतारीख? बाप म्हणतो, आमची तांबडी गाय व्याली त्याच्या मागून. हेडमास्तर म्हणतात, ठीक आहे, आणि टाकतात एक जून. महाराष्ट्रातल्या अर्ध्या पिढीचा वाढदिवस असा एका फटक्यात उरकलेला!

मिस्टर तानने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे मी तुमच्या हेडमास्तरांचा साप शोधून दिला?"

त्याच संध्याकाळी अकोल्याला फोन लावला. शेजाऱ्यांनी आईला हाक मारून आणेपर्यंत निम्मी नाणी संपली.

"आई, मी कधी झालो?"

"काय झालं तुले?"

"अगं, मला नाही काही झालं! जन्मलो कधी?"

"तू त पोळ्याच्या करीले झाला नं बापा. आदल्या दिशी बैलाईले नटवलं, अन् दुसऱ्या दिशी दिवेलागनीले तू. मास्तरनं वयही एक सालानं कमी लिवलं. म्हने, नोकरी एक साल जास्त भेटंल. तू येतं का नाही लग्नाले?"

"येतो!" मी म्हटलं आणि नाणी संपली.

मिस्टर तानने चोपन्न सालचा पोळा कुठून तरी हुडकून काढला. नवी पत्रिका मांडली आणि उडालाच. "मिस्टर गोपी, तुम्ही पाण्याचे नव्हेच! तुम्ही आगीचे! म्हणून तर ठिणग्या उडाल्या! तुमचे उपकारकर्ते वेगळे. एक कोंबडा. आणि दुसरा..."

दुसऱ्या जनावराचं नाव त्याने उच्चारलं मात्र, मी त्याच्या तोंडावर हात दाबला. चार पायांचं, आखूड शेपटीचं, चिखलात लोळणारं! आणि आम्ही बसलेलो मआमीरच्या कँटीनमध्ये!

"गोपीभाई," मुनाफ हळूच म्हणाला, "साप बोललास तर वीज गेली. आता हे कुणाला जाऊन बोलशील, तर तू जाशील. पुढल्या विमानाने."

म्हणजे उरला कोंबडा. मी मुनाफकडे बघितलं. हा माणूस पहाटे सगळ्या कँपला हाका मारून उठवायचा. चालताना मान पुढे-मागे.

"मुनाफ, तुझं साल कुठलं?"

"सत्तावन्न."

मिस्टर तानने बोटं मोजली आणि टेबलावर थाप मारली. "कोंबडा!"

"म्हणजे मी आता नजीबसाहेबांकडे जाऊन आरवू?" मुनाफ म्हणाला. "माझ्या हातात काय आहे? माझी स्वतःची रजा आहे फक्त. बकरी ईदेला रत्नागिरी. ती शटडाऊनच्या आधीच मंजूर झालेली."

आणि मंडळी, इथेच तारा उगवला! मुनाफ उठला, नजीबसाहेबांकडे गेला, म्हणाला, माझी रजा कापा आणि ती गोपीभाईला द्या!

"रजा अशी दुसऱ्याला देता येते?" रुपेश.

"त्या काळी येत असे. मधे बोलू नकोस. तर साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, अशी दोस्ती मी बहारीनमध्ये पाहिली नाही! स्वतःच्या गाडीतून मला मुहर्रकच्या विमानतळावर सोडलं. विमान सुटलेलं. साहेबांनी रुमाल हलवला, विमान परत फिरलं!"

"परत फिरलं?"

"धावपट्टीवरच होतं रे! मुंबईला उतरलो, तर गाड्यांना जागा नाही. नाशिकपर्यंत टँकर, तिथून कांद्याचा ट्रक. पोत्यांवर बसून डोळ्यांतून धारा, लोकांना वाटलं बहिणीच्या मायेने! अकोल्यात ट्रकमधून उडी मारली ती थेट मांडवात. त्रिशरण सुरू झालेलं. लोक म्हणाले, आला, आला, भाऊ आला! मी नीलमच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि त्या नजरेत..."

मागे कपबशांचा आवाज झाला. नीलम चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"दादा, माझ्या बाजूला मुनाफभाई उभे होते. ईदचं जेवण अर्धं टाकून, तीन एसट्या बदलून आले होते रत्नागिरीहून. तू कुठला आलास? तू इथून फोनवर रडत होतास!"