करडी मुक्कामी ट्यूब पेटली त्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशे दोन, रौद्रनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. मौजे करडी, जिल्हा भंडारा, येथे राजश्री श्यामराव पोस्टमास्तर यांनी जुन्या दिव्याचे पोटी ट्यूब बसविण्याची मोहीम मांडली, ती कैसी मांडली, कोठे शिकस्त खाल्ली आणि कोणत्या तहाने तडीस नेली, तो मजकूर येथे यथास्थित नमूद केला आहे. थोरांनी गड घेतले, मुलूख मारिले; त्यांचे लिहिणारे पुष्कळ. श्यामरावांनी आठ दिवसांत एक फळी, दोन होल्डर आणि घरची शांतता मोडिली, त्याचा लिहिणारा कोणी न मिळे, म्हणोन हा उद्योग.

श्यामराव पोस्टाचे कामी चोख. परंतु घरी येताच पक्कड हाती धरीत आणि मग जी वस्तू बरी चालत असे ती उघडीत. रेडिओ उघडिला, तो मुका जाहला. इस्त्री उघडिली, ती पुन्हा मिटली नाही. आणि भिंतीवरचे घड्याळ उघडिले, ते तेव्हापासून चालते, परंतु मागे. यास्तव त्यांचे कुटुंब कुंताबाई यांचा हत्यारांच्या पेटीवर पुराणा रोष होता.

अशात तुमसरच्या भंगारातून खाणीच्या बंगल्यातला एक जुना दिवा श्यामरावांस गवसला. लांबट लोखंडी साचा, पांढरे रोगण, दोन बल्बांची जागा. दोहोंस बरखास्त करोन तेथे एक ट्यूब नामजाद करावी, ऐसा मनसुबा ठरला आणि मग स्वयंपाकघरातला बल्ब, जो आजवर निमूट जळत होता, तोही उतरविला. कुंताबाईंस चिमणीच्या धुरात भाकर थापणे आले. तेव्हा त्यांनी हुकूम फर्माविला, "रविवारच्या सांजेपावतर ट्यूब पेटली तं ठीक. नाही तं सोमवारी भंगारवाला येते, त्याले हे पेटी देऊन टाकीन. पक्कडीसकट." हुकुमास अपील नव्हते.

मग श्यामराव भंडाऱ्यास गेले आणि चोक, स्टार्टर व ट्यूब खरेदी करोन एस.टी.त बैसले. ट्यूब धोतरात गुंडाळोन उभी धरिली आणि वाटेतील प्रत्येक खड्ड्यास स्वतः उडाले, ट्यूब उडो दिली नाही. घरी येऊन पाहतात तो साचा वीतभर तोकडा. ट्यूब कापता येत नाही, हे ध्यानी येण्यास एक रात्र गेली. मग साच्याची दोन्ही टोके करवतीने उडविली आणि आंब्याची फळी जोडोन मुलूख वाढविला.

गुरुवारी भर दुपारी बटण दाबिले. चोक गुरगुरला, स्टार्टर लुकलुकला आणि ट्यूब लख्ख पेटली. श्यामरावांनी आळी गोळा केली, आणि आळीने भर उन्हात उभे राहोन आतला उजेड पाहिला व वाखाणिला. परंतु सांजवेळी तेच बटण दाबिले, तो ट्यूब दोन्ही टोकांस लाल जाहली, फडफडली आणि पडोन राहिली. शुक्रवारी स्टार्टर बदलिला. दुपारी फत्ते, सांजेस शिकस्त. शनिवारी ट्यूबची डावी बाजू उजवीस केली. दुपारी फत्ते, सांजेस शिकस्त. कुंताबाई चिमणीची वात सारीत वदल्या, "दिवसा पेटते ना जी, मंग दिवसाच लावत जा. सूर्याले तेवढाच आराम."

श्यामराव हवालदिल होऊन पेटीतील एकेक हत्यार पुसोन ठेवू लागले, जैसे कोणी परगावी जाणाऱ्याची तयारी करितो. त्या समयी भैय्यालालशेटच्या राईस मिलचा मिस्त्री गोमाजी टपालाचे कार्ड मास्तरांचे घरीच देण्यास आला आणि ट्यूबकडे पाहोन हसला.

"मास्तर, कायले बिचारीले उलटीपालटी करून राहिले? धानाच्या बैलबंड्या दुपारून येते, चार वाजता आमची मिल चालू होते. पट्टा फिरला का साऱ्या गावाचा करंट तिकडे. बल्ब लाल तरी होते, ट्यूब तं पेटतच नाही. एक डाव पेटली का मंग इझत नाही. पेटाच्या टायमाले मिल बंद पाह्यजे, बस."

शत्रू कळला, आणि तो साठ पोती धान खाऊन गर्जत होता. रविवारी प्रातःकाळी श्यामराव स्वतः वकील होऊन शेटच्या गादीवर गेले आणि रोज बत्तीचे वेळी मिल दोन मिनिटे थांबवावी, ऐसा अर्ज गुजारिला. शेट म्हणाले, "थांबवतो ना मास्तर. पण मिल थांबली का माये सात हमाल बसतीन. अन् हमाल बसला तं चहाशिवाय उठते का?"

मग तह जाहला तो ऐसा: शेटने मिल थांबवावी, आणि सातही असामींस चहा पोस्टमास्तरांचे घरी मिळावा. श्यामरावांनी जागीच कबुली दिली. चहा स्वयंपाकघरात होतो आणि तो प्रांत कोणाचे अमलाखाली आहे, एवढे कलम तेवढे राहोन गेले.

रविवारची सांज. कुंताबाईंनी हत्यारांची पेटी उंबरठ्यावर आणोन ठेविली होती. मिलची घरघर थांबली, आळीतले बल्ब एकाएकी उजळले, आणि श्यामरावांनी बटण दाबिले. एकदा लुकलुकली, दोनदा लुकलुकली, आणि तिसऱ्यांदा ट्यूब ऐसी पेटली की आढ्यावरची जळमटे मोजून घ्यावी. श्यामरावांचे नेत्र भरोन आले. इतक्यात ओसरीवरून सात कंठ एकवटले, "मास्तर, चहा!"

कुंताबाईंनी सात हमाल पाहिले, मग नवरा पाहिला. "हे काय जी?"

तहाचा मसुदा कथन करणे प्राप्त जाहले. मग बाईंनी उंबरठ्यावरची पेटी उचलोन फळीवर जैसी होती तैसी ठेविली, कारण शब्द तो शब्द. आणि वळोन चहाचे पातेले नवऱ्याचे हाती दिले.

"पेटी तुमची. आता चूलबी तुमचीच."

मिल पुन्हा सुरू जाहली, ट्यूब किंचित थरथरली, परंतु विझली नाही. त्या दिवसापासून श्यामराव रोज सांजेस बटण दाबितात, मग चहा टाकितात, मग सात कप आणि पातेले घासितात. बल्बाचे उजेडात पातेल्याचे बूड कोणास दिसत नसे. ट्यूबचे उजेडात ते कुंताबाईंस ओसरीवरून दिसते आणि हुकूम सुटतो, "बुड काळंच राह्यलं जी, अजून घासा."

येणेप्रमाणे करडीची मोहीम फत्ते पावली. पेटी फळीवर, ट्यूब आढ्यास आणि विजयी वीर मोरीवर, ऐसा बंदोबस्त कायम जाहला.