मूळचा वारा

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या इस्पितळात फार्मासिस्ट असलेल्या गुरुनाथने २०१४ साली जवळच्या लिटल विकफर्ड या खेड्यात जुनं घर घेतलं. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी मायदेशाच्या आठवणीने वसवलेलं हे खेडं अगदी अस्सल इंग्रजी होतं, म्हणजे देखणं, अबोल आणि आतून ओलं.

पहिल्याच हिवाळ्यात भिंतींना बुरशी आली आणि त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला, ओवीला खोकला धरला. "खिडक्यांना दुहेरी काचा, डबल ग्लेझिंग करून घे बाबा," त्याची बायको कांचन म्हणाली. "हिचा खोकला ऐकवत नाही मला." पण खिडक्या बदलायला वारसा समितीची परवानगी लागत होती.

समितीच्या अध्यक्ष मिसेस प्रिचर्ड पाहणीला आल्या. फटीतून येणारा वारा त्यांनी डोळे मिटून गालावर घेतला. "हा मूळचा वारा आहे," त्या म्हणाल्या. "अडवता येणार नाही."

बुरशीसाठी उपसमिती बसली. बुरशी संस्थापकांच्या काळातली असण्याची शक्यता असल्याने ती पुसू नये, असं ठरलं. पहिल्या वसाहतकारांची मुलंही अशीच खोकत, सबब ओवीचा खोकला वारशाशी सुसंगत ठरला. वारसादिनी तिला झालरीची टोपी घालून खिडकीत बसवलं. पर्यटकांनी प्रत्येक उबळीला दाद दिली, आणि मिसेस प्रिचर्डनी तिला मानुका मधाची बाटली दिली.

"तुमच्या घरी हीटिंग कसलं?" गुरुनाथने विचारलं.

"अंडरफ्लोअर, जमिनीखालून. मी शहरात राहते. आम्ही समितीतले सगळेच."

गुरुनाथ तणतणत घरी आला. "स्वतः उबेत बसायचं आणि गारठायचं आम्ही. लाजा नाहीत यांना."

तेवढ्यात कोकणातून थोरल्या भावाचा, दीनानाथचा फोन आला. "गुरू, दमयंतीचे गुडघे गेलेत. वाकून सारवणं होत नाही तिला. फरशी घालून घेतो म्हणतो. घर दोघांचं, तुझा होकार हवा."

गुरुनाथ कळवळला. "दादा, फरशी? अरे, त्या सारवणाच्या वासासाठी तर आम्ही दोन वर्षांतून एकदा एवढे हीप्स ऑफ पैसे घालून येतो. गावपणच जाईल सगळं."

"मग सारवायचं कोणी?"

"वहिनींना म्हणावं, जमेल तसं करा. मी इकडचं मलम पाठवतो ना, मस्त आहे."

आत ओवीला उबळ आली. तिची पाठ चोळता चोळता कांचनने तिथूनच हाक दिली, "आणि दादांना सांग, ती चूलही काढू नका म्हणावं. गॅसवरच्या भाकरीला ती चव नाही."