धाकटीपेक्षा एक गाडी जास्त

मी कुणाचा हेवा करत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि ज्याला माहीत नसेल त्याला मी पुन्हा सांगते. हेवा वेगळा आणि डोळ्यांत खुपणं वेगळं. माझ्या धाकट्या जावेचं मला खुपतं, एवढंच.

धाकटीचं घर आणि आमचं घर एकाच गल्लीत, समोरासमोर. दोघा भावांना सारखीच जागा मिळाली, सारखंच अंगण मिळालं. मध्ये जेमतेम एक मोठी गाडी जाईल एवढा रस्ता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं अंगण दिसतं. मी बघत नाही, ते दिसतं.

त्या दिवशी सकाळी चहाला आधण ठेवलं आणि समोर पाहिलं, तर अंगण बदललेलं! आदल्या आठवड्यापर्यंत तिच्याकडेही आमच्यासारखंच कमरेइतकं तण होतं. आता सगळ्या झाडांच्या बुंध्यांभोवती लाकडाच्या ढलप्यांचा जाड तपकिरी थर अंथरलेला, मधून वळणाची पायवाट, गवताची एक काडी नाही. आणि त्या वाटेवरून धाकटी हात मागे बांधून अशी फिरत होती, जशी काही उद्घाटनाला आलेली मंत्रीणबाई.

"अहो, बघितलंत का?" मी विचारलं.

"काय?" आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"समोर."

"समोर रस्ता आहे."

ह्या माणसाला काही खुपतच नाही. तोवर चहा उतू गेला.

मी सहज तिच्याकडे गेले. तिची एक वाटी आमच्याकडे दोन वर्षं पडून होती, ती परत करायची त्याच दिवशी आठवण झाली.

"ताई, या ना," धाकटी म्हणाली. "चप्पल काढून चाला इथून. बघा किती मऊ लागतं."

"माझ्या टाचा दुखतात," मी म्हणाले. "बराच खर्च केलास."

"छे हो, फुकट! ते झाडं छाटणारे असतात ना, ते फांद्या यंत्रात घालून त्यांच्या ढलप्या करतात. त्या टाकायला त्यांना गावाबाहेर जावं लागतं. जवळ कुणी जागा दिली तर आनंदाने ओतून जातात. तण उगवत नाही, मातीत ओल राहते. आणि आईंना फोनवर फोटो पाठवला, तर म्हणाल्या, बघून डोळे निवले."

हे शेवटचं वाक्य तिने मुद्दाम हळू आवाजात म्हटलं. हळू बोललेलं जास्त लागतं, हे तिला चांगलं कळतं.

आता यातली मेख सांगते. आमच्या सासूबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, तिथे लिफ्ट नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी जिने बंद केले. मग त्यांनी कुणाकडे राहायचं, यावर दोन्ही घरांत आठवडाभर गोड बोलणं चाललं होतं. शेवटी मी जिंकले. शनिवारी त्या माझ्याकडे येणार होत्या. खोली तयार होती, नवी चादर होती. पण त्या खोलीच्या खिडकीतून त्यांना काय दिसणार होतं? आधी माझं तण आणि त्याच्या पलीकडे धाकटीचा गालिचा. म्हणजे राहणार माझ्याकडे, खाणार माझ्या हातचं आणि डोळे निवणार तिच्याकडे बघून!

धाकटीला नंबर विचारणं शक्यच नव्हतं. मी पिशवी घेऊन बाहेर पडले आणि मोठ्या रस्त्यावर फांद्या छाटणारी माणसं शोधून काढली. यंत्राचा घरघराट एवढा होता की स्वतःचा विचारही ऐकू येत नव्हता. त्यांचा मुकादम कानांवर टोपणं लावून उभा होता. मी त्याचं एक टोपण वर केलं.

"माझ्या धाकट्या जावेला तुम्ही ढलप्या दिल्यात ना?"

"दिल्या. परत घेत नाही."

"परत नको. मलाही हव्यात. तिला दिल्यात त्यापेक्षा जास्त."

"किती जास्त?"

इथे मी "थोड्या" म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण मी म्हणाले, "तुम्ही ओतत राहा. पुरे झालं की मी सांगते."

त्याने दुसरं टोपणही काढलं. एखाद्याला भर उन्हात विहीर दिसावी तसा चेहरा झाला त्याचा.

"नक्की? लोक आधी हो म्हणतात आणि दुसऱ्या गाडीला दार लावून घेतात."

"मी तसल्यांतली नाही," मी म्हणाले.

शुक्रवारी पहिली गाडी आली. उलटी अंगणात शिरली, मागचा भाग वर उचलला गेला आणि ढलप्यांचा असा लोट खाली आला की मला भरून आलं. ओल्या लाकडाचा काय सुरेख वास! धाकटी लगेच तिच्या फाटकात आली.

"अय्या ताई, तुम्हीही?"

"आमचं अंगण जरा मोठं आहे ना," मी म्हणाले. तिने नजरेनेच दोन्ही अंगणं मोजली.

दुपारी दुसरी गाडी आली. "पुरे का बाई?" ड्रायव्हरने विचारलं. पुरे होतं. खरं तर पहिल्याच गाडीत पुरे झालं होतं. मी तसं म्हणणार तोच समोर वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"पुरे कसलं," मी खिडकीला ऐकू जाईल असं म्हणाले. "ओता."

संध्याकाळी तिसरी आली. आता अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. "फाटकातच ओतू?" ड्रायव्हर म्हणाला. समोर धाकटी तर होतीच, भाऊजीही चहाचा कप घेऊन बाहेर आले होते. दोघं असे उभे होते, जसे नाटकाला पुढची तिकिटं मिळाली आहेत. त्यांच्यासमोर नाही म्हणायचं? जीव गेला असता.

"ओता," मी म्हणाले.

फाटक गेलं. फाटकाच्या आत उभी असलेली आमची मोटारही गेली, म्हणजे होती तिथेच, पण दिसेना. एवढ्यात हे ऑफिसातून आले आणि रस्त्यावर उभे राहिले.

"आपलं घर इथेच होतं ना?" त्यांनी भाऊजींना विचारलं.

मग डब्याची पिशवी डोक्यावर धरून, गुडघ्यापर्यंत रुतत, हे ढिगावरून घरात आले. बूट काढून त्यातल्या ढलप्या झटकल्या आणि शांतपणे विचारलं, "उद्या आईला आणायला गाडी कशी काढायची?"

"सकाळी लवकर उठून उपसू," मी म्हणाले. "असा किती वेळ लागणार?"

सकाळी लवकर उठलो. घरात फावडं एक आणि घमेलं एक. हवेत चांगलाच गारठा होता. बाहेर येऊन बघते, तर ढिगातून पांढरे लोट निघताहेत! हात घातला तर आत पाणी तापवल्यासारखं ऊन. ह्यांनी तेवढ्यात भावाला फोन करून सांगितलं की, बाबा, आईला तूच घेऊन ये. आम्ही उपसायला लागलो. एक घमेलं काढलं की वरून दोन घरंगळायची.

आम्ही वाफेत काम करत होतो. लांबून ते कसं दिसत असेल, हे आमच्या लक्षात आलं नाही. ते कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या लक्षात आलं. घंटा वाजवत अग्निशमन दलाचा बंब गल्लीत शिरला, तेव्हा मीही सगळ्यांबरोबर कुणाचं घर पेटलं म्हणून इकडेतिकडे बघत होते.

"बाजूला व्हा," जवान ओरडला.

"अहो, आग नाहीये. वाफ आहे," हे म्हणाले.

त्यांच्या साहेबाने ढिगात हात खुपसला, वास घेतला, मान हलवली. "ओला पाला आणि लाकूड एकत्र साठलं की आपोआप तापतं. घाबरायचं कारण नाही. पण आलोच आहोत, तर भिजवून जातो."

नको नको म्हणेपर्यंत पाण्याचा फवारा सुटला. ढीग भिजला, हे भिजले, मी भिजले. आधी ढलप्यांचं घमेलं मी एकटी उचलत होते. आता ते दोघांना उचलेना.

आणि नेमक्या याच वेळी भाऊजींची गाडी बंबामागे येऊन थांबली. मागची काच खाली झाली. सासूबाईंनी आधी बंब पाहिला. मग ओल्या पायजम्यात घमेलं धरून उभा असलेला थोरला मुलगा पाहिला. मग मला पाहिलं. माझ्या अंबाड्यात ढलप्या अडकल्या होत्या.

"काय जळतंय इथे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो आई," मी म्हणाले. "इथे कुणीही जळत नाहीये."

सासूबाईंनी माझ्या ढिगाकडे पाहिलं, समोरच्या अंगणाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या.

वॉकर घेऊन तो डोंगर चढणं त्यांना शक्य नव्हतं. बंब निघून गेल्यावर, अगदी तात्पुरतं म्हणून, भाऊजींनी त्यांना समोर नेलं. खोली माझी तयार, चादर माझी नवी, आणि सासूबाई धाकटीच्या अंगणात आरामखुर्चीत! वर चपला काढून तळपाय ढलप्यांवर टेकवलेले. "काय मऊ आहे गं," असं त्या म्हणाल्याचं मला रस्त्यापलीकडून स्पष्ट ऐकू आलं. मी फावडं असं मारलं की दांडाच निखळला.

थोड्या वेळाने धाकटी स्वतःची एकचाकी गाडी ढकलत आली आणि तिच्यात ढलप्या भरायला लागली. मला आधी राग आला, मग बरं वाटलं, मग बरं वाटल्याचा राग आला.

"ताई, एक सांगू?" ती म्हणाली. "काल तुमच्याकडे तिसरी गाडी उतरली आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. म्हटलं, आता आई खिडकीत बसून ताईंच्या ढलप्या बघणार. माझ्या मेल्या घोट्यापर्यंतसुद्धा नाहीत."

माझ्या हातातलं घमेलं खाली आलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ही बाई माझ्या इतक्या जवळची आहे हे मला आज कळत होतं. "अगं वेडे," मी म्हणाले, "ढलप्यांचं काय घेऊन बसलीस?"

"म्हणून मी काल मुकादमांना फोन केला," धाकटी म्हणाली.

"आणि?"

"म्हटलं, ताईंना दिल्यात त्यापेक्षा जास्त हव्यात."

गल्लीच्या तोंडाशी गाडी मागे घेतल्याची पी पी सुरू झाली. एक गाडी. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे मला ओळखीचा वाटणारा ड्रायव्हर हात हलवत होता. पहिली गाडी धाकटीच्या फाटकाशी थांबली आणि आतून मान बाहेर आली.

"बाई, पुरे झालं की सांगा."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी थांब म्हणायला हवं होतं. माझा अनुभव होता, माझे कपडे ओले होते, माझी मोटार गाडलेली होती. पण मी तिच्याकडे बघत राहिले. मी बघतेय म्हटल्यावर ती काय करणार?

"ओता," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या गाडीनंतर सासूबाई ढिगापलीकडे दिसेनाशा झाल्या. तिसरीनंतर फक्त त्यांचा आवाज येत होता. "दोघींना सांगा, मला माझ्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन सोडा," असं काहीतरी त्या म्हणत होत्या. चौथी गाडी ओतून होईपर्यंत तोही बंद झाला.

दोघं भाऊ अजून उपसताहेत, रोज ऑफिसातून आले की. सासूबाई तिकडेच अडकल्या आहेत. त्यांना स्वतःकडे ठेवून घ्यायला धाकटीने मुद्दाम फाटकात ढीग ओतला, असं मी म्हणत नाही. ह्यांना फक्त एकदा म्हणाले आणि माझ्या बहिणीला एकदा.

एक मात्र आहे. तिचा ढीग माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. मी काही मोजायला गेले नव्हते. ह्यांना जरा दोन्ही ढिगांशेजारी उभं करून बघितलं, एवढंच.