मौनाची नवी आवृत्ती

शोकसभेच्या तोंडावर सभागृहातल्या कॉम्प्युटरने हेडक्लार्कना विचारलं, ‘प्लेअरची नवी आवृत्ती आली आहे. घ्यायची का?’ हा प्रश्न तो रोज विचारायचा आणि हेडक्लार्क रोज ‘नंतर’ दाबायचे. पण आज फुलं त्यांनीच आणली होती, खुर्च्या त्यांनीच पुसल्या होत्या आणि माइकची वायरही त्यांनीच दातांनी सोलली होती. नकार द्यायलाही अंगात थोडी ताकद लागते. “घे बाबा एकदाची,” म्हणत त्यांनी ‘हो’ दाबलं.

या प्लेअरवर हेडक्लार्क मौन वाजवत असत. पूर्वी मौन साहेबांच्या डोळ्यांवर चालायचं. त्यांनी डोळे उघडले की संपलं. एकदा साहेबांना उभ्या उभ्या डुलकी लागली आणि सगळं ऑफिस जेवणाच्या सुट्टीपर्यंत शोक करत राहिलं. घड्याळ बघावं तर डोळे उघडावे लागतात, आणि शोकात ते बरं दिसत नाही. म्हणून हेडक्लार्कनी दोन मिनिटांची शांतता रेकॉर्ड करून ठेवली होती. शेवटी एक घंटा. टण्ण झालं की बसायचं.

आजची सभा निवृत्त थोरल्या साहेबांसाठी होती. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. इकडे हेडक्लार्कच्या बदलीचा अर्ज आताच्या साहेबांच्या टेबलावर होता. गावी बायको आणि आजारी आई, इथे हे आणि खानावळ, असा संसार बरीच वर्षं चालला होता. “सभा नीट पार पडू द्या,” साहेब सकाळी म्हणाले होते, “मग सही करतो.”

भाषणं संपली. सगळे उभे राहिले. हेडक्लार्कनी मौन सुरू केलं.

टण्ण!

अर्ध्या लोकांचे डोळे अजून मिटायचे होते. भिंतीवरच्या पडद्यावर थोरल्या साहेबांच्या फोटोऐवजी मोठ्या अक्षरांत आलं, ‘शांत भाग वगळला. तुमचा वेळ वाचला.’

“झालं?” साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

“नाही साहेब. परत घेतो.”

“बाई, बटणं कुठं गेली हो?” हेडक्लार्कनी शेजारच्या टायपिस्टबाईंना विचारलं.

“माउस हलवला की येतात. थांबलात की जातात.”

“म्हणजे आपल्या शिपायासारखी.”

“ते वेग कमी करायचं दिसतंय बघा. हळू केलं तर पुरेल की मौन!”

तर्काला खोट नव्हती. हेडक्लार्कनी मौनाचा वेग होईल तेवढा कमी केला. प्लेअरने शांतता पुन्हा गाळली आणि घंटा मात्र मन लावून हळू वाजवली. टssण्णss हा आवाज चिखलात रुतलेल्या म्हशीसारखा सभागृहभर फिरला. मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं. ते खोकल्याच्या रूपाने बाहेर पडलं.

“अहो, काय चाललंय?” साहेबांचा आवाज आता दबका नव्हता.

“शेवटचं, साहेब. डोळे मिटा सगळ्यांनी.”

आता हेडक्लार्कनी आवाजच बंद केला. घंटा नको न् काही नको. डोळे उघडे ठेवून घड्याळ बघू, आपणच ‘बसा’ म्हणू. प्लेअरने मौन पुन्हा चटकन संपवलं आणि त्याच फोल्डरमधली पुढची फाइल आपणहून लावली. ऑफिसच्या स्नेहसंमेलनाची.

पडद्यावर थोरले साहेब आले. डोक्यावर कागदी मुकुट, कमरेला खिडकीचा पडदा, आणि नाच. आवाजाविना.

हेडक्लार्कनी माउस हलवला. बटणं आली, घाबरलेला हात थांबला, बटणं गेली. बदली डोळ्यांसमोरून गावाकडे निघाली, ती त्यांना न घेताच. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते; फक्त थोरल्या साहेबांच्या पत्नी पडद्याकडे बघत होत्या.

हेडक्लार्क वायर उपटायला वाकले, तशी त्यांनी पहिल्या रांगेतून हाताने खूण केली. राहू द्या.

आणि त्या बघत राहिल्या. थोरले साहेब गिरकी घेताना पडले, उठले, मुकुट सावरून पुन्हा नाचले. नाच संपून पडदा काळा झाला. त्यांच्या पत्नींनी पदराने डोळे टिपले. हेडक्लार्क कसेबसे “बसा” म्हणाले.

“ऑडिट आहे म्हणून सांगून गेले होते हो त्या दिवशी,” जाताना त्या हळूच हेडक्लार्कना म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या. मग साहेबांकडे वळल्या. “तुमच्या या माणसाने माझ्यासाठी आज जे केलं ना, ते कुणी करणार नाही. त्यांना सांभाळा.”

साहेबांनी मिटल्या डोळ्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. पण ते भारावले होते. त्यांनी हेडक्लार्कना केबिनमध्ये बोलावलं.

“इतकं दीर्घ, इतकं मनापासूनचं मौन मी जन्मात पाळलं नव्हतं. सुरुवातीला दोनदा चुकलं, पण तुम्ही पुन्हा करून घेतलंत. दुसरा असता तर उरकलं असतं.”

“साहेब, तो अर्ज...”

“ते विसरा आता. तुम्हाला सोडून कसं चालेल?” साहेबांनी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. “उद्या माझं काही झालं तर मलाही अस्संच मौन पाहिजे. तोवर तुम्ही कुठेही जायचं नाही.”

हेडक्लार्कनी साहेबांकडे नीट निरखून पाहिलं. साहेबांची तब्येत अतिशय उत्तम होती.