हिमनदी क्रमांक सतरा, पूर्ण मिळाली

आमच्या सूनबाईने ध्रुवावरचा बर्फ हरवला, असं तिच्या कार्यालयाने लेखी कळवलं आहे. पत्रावर जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे, तेव्हा खोटं म्हणायची सोय नाही. 'आपल्या ताब्यातील हिमनदी क्रमांक सतरामध्ये मोठी तूट आढळून आली आहे. सदर बर्फाचे आपण काय केले, याचा खुलासा घरातील कर्त्या व्यक्तीसह समक्ष हजर राहून सात दिवसांत करावा.'

हिच्या हातून वस्तू जातात, हे मला नवीन नाही. नऊ वर्षांपूर्वी मी कपाटाची किल्ली दिली तेव्हा निळ्या काठाचे बारा ग्लास होते. आज दहा आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला मी हे सांगते. पण नदीच्या नदी घालवायची म्हणजे जरा जास्तच झालं.

"कर्ती व्यक्ती म्हणजे मीच," चिरंजीव शर्टाची बटणं लावत म्हणाले.

"बस खाली," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

सूनबाई हिमनदी मोजणी कार्यालयात लागली त्याला दीड वर्ष झालं. अजून कायम व्हायची आहे. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते या खुलाशावर ठरणार. काम तसं सरळ आहे. उपग्रह आभाळातून उजेडाची तिरीप सोडतो, ती बर्फावर आपटून परत वर जाते. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून बर्फाची उंची कळते. वेळ जास्त लागला, म्हणजे बर्फ खाली बसला. मी चौथी शिकलेली, मला एका दमात कळलं. तिथल्या लोकांची शिक्षणं फार मोठी आहेत, त्यांना थोडा वेळ लागतो.

त्या कार्यालयाची एक रीत आहे. एक जण गेला की त्याच्या टेबलाचा चार्ज पुढच्याकडे जातो. खुर्ची एक, पंखा एक, स्टेपलर एक, हिमनदी एक. यादीखाली 'पूर्ण मिळाले' लिहून सही करायची. खुर्चीला तीनच पाय असले तरी पूर्ण. हिमनदीपुढचा आकडा सव्वीस वर्षांपूर्वीचा, पहिल्या माणसाने उपग्रहावरून मोजलेला. पुढच्या सहा जणांनी तो नुसता उतरवला. उपग्रह इमानाने नवे आकडे पाठवत होता आणि इथे ते इमानाने कपाटात जात होते. आठवी आमची सूनबाई. तिनेही रुजू होताना मुकाट्याने सही केली, ही तिची पहिली चूक. दुसरी चूक अशी की तिने कपाट उघडून आकडे वाचले आणि 'बर्फ कमी आहे' असं वर कळवलं.

म्हणजे पूर्ण मिळाल्याची सही तिची आणि कमी असल्याचं पत्रही तिचंच. मधल्या सव्वीस वर्षांचं पाणी एकटीच्या डोक्यावर.

साहेबांची खोली गार होती आणि साहेब फार सभ्य होते. सभ्य माणसापुढे मी जपून बसते.

"या, मावशी, बसा. हं, मॅडम, हा बर्फ शेवटचा कुणी पाहिला?"

"आपल्यापैकी तिथे कुणी कधी गेलेलंच नाही, सर. उपग्रहाने पाहिला."

"उपग्रहाची सही आहे कुठे?"

"नाही."

"तुमची आहे." साहेबांनी यादी पुढे सरकवली. "आणि पुरावा तरी काय? उजेड उशिरा परत आला, एवढंच ना? आमची माणसं रोज अकराला येतात, म्हणून रस्ता लांब झाला असं आम्ही म्हणतो का?"

मला राहवेना. "साहेब, आकडेच खोटे असतील तर बर्फ गेलाच नाही. मग खुलासा कसला मागता?"

साहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मावशी, बर्फ गेला की नाही, हा विज्ञानाचा प्रश्न. तूट हा आस्थापनेचा. दोन्ही विभाग वेगळे आहेत."

मग त्यांनी एक सवलत दिली. बर्फ वितळून समुद्रात गेला असेल, तर तेवढं पाणी मिळाल्याची समुद्र विभागाची पोच आणावी. समुद्र विभाग तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. गुडघे धरत चढले. तिथला कारकून पेन्सिलीला टोक करत होता. पेन्सिल बोटाएवढी उरली होती, तरी करतच होता.

"पाणी वाढलंय हे खरं आहे, काकू," तो दाराकडे बघत हळूच म्हणाला. "पण माझ्या यादीत समुद्र आहे तेवढाच आहे. जास्त दाखवला तर विचारतील, हा कुठून आणलास? तुटीला नुसता खुलासा चालतो. जास्तीला चौकशी लागते."

"मग ते वाढलेलं पाणी करता काय?"

"भरतीत दाखवतो."

"आणि ओहोटी आली की?"

"ओहोटीला आम्ही मोजत नाही."

पुन्हा खाली. साहेबांनी आता आवाज मऊ केला. "हे बघा, सोमवारी एक नवीन मुलगी रुजू होतेय. हिमनदीचा चार्ज तिला द्या. यादी हीच, आकडा हाच. तिने 'पूर्ण मिळाले' म्हणून सही केली की तुम्ही सुटलात. तूट तिच्याकडे गेली. आठवडाभरात तुम्हाला कायम करतो."

"आणि तिचं काय, सर?"

"तिच्यानंतर कुणी येणारच नाही का?"

खरं सांगते, मला तोडगा आवडला. जिन्यातच मी तिला म्हटलं, "दे की त्या पोरीला. सहा जणांनी हेच केलं ना? सगळ्यांपेक्षा शहाणी तूच लागून गेलीस का?"

सूनबाई पायऱ्या उतरत राहिली.

सोमवारी ती दुपारीच घरी आली. नवीन मुलीपुढे तिने यादी ठेवली होती खरी, पण जुना आकडा खोडून खरा लिहिला होता, बाजूला सही करून. त्या मुलीने यादी दोनदा वाचली आणि म्हणाली, "मॅडम, ही कमी आहे. मी पूर्ण असेल तरच घेईन." साहेबांनी सगळ्यांसमोर तिच्या दक्षतेचं कौतुक केलं. मग आदेश निघाला: 'हिमनदी क्रमांक सतरा पूर्ववत भरून येईपर्यंत सदर कर्मचाऱ्यास कामावर येण्याची आवश्यकता नाही.'

माझं डोकंच फिरलं. "हातची नोकरी घालवलीस! सांभाळायचं म्हणून तुला ठाऊकच नाही. ते ग्लास घालवलेस, तसंच हे!"

ती चहा गाळत होती. मागे न बघता म्हणाली, "आई, मी ते कपाट पहिल्यांदा उघडलं ना, तेव्हा दहाच होते. मोजले होते मी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही बारा म्हणालात. मी नवीन होते. हो म्हटलं."

चिरंजीवांनी पेपर तोंडापुढे धरला. तो उलटा होता.

आता विषय निघालाच आहे, तर सांगून टाकते. त्यातला एक ग्लास माझ्या हातून फुटला, ही घरात यायच्या आधी. दुसरा मला मिळालाच नव्हता. सासूबाईंनी किल्ली दिली तेव्हा कपाटात अकराच होते. त्या बारा म्हणाल्या होत्या. मीही हो म्हटलं होतं.

हसताय? हसा. तुम्हीही एक दिवस मुलाबाळांच्या हातात किल्ली द्याल आणि म्हणाल, सगळं आहे हो आत, जसंच्या तसं. त्या यादीत हिमनदी क्रमांक सतराही असेल. मोजून द्या, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? एवढंच करा, मागाहून त्यांनाच विचारू नका की काय केलंत म्हणून.