गोजरबाईंच्या गोळ्या कोण गिळतं?

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं विष्णुपंतकाका स्वतःबद्दल सांगतात. दूध संघाच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी संगमनेरात 'अचूक शोध' अशी पाटी लावली. मी देवश्री, त्यांची पुतणी आणि सहायक. स्कूटी माझी, पेट्रोल माझं, बुद्धी त्यांची. त्यामुळे खर्च सगळा माझाच होतो.

परवा शेजारच्या गावातल्या गोजरबाई आल्या.

"डॉक्टरनी साखरेच्या गोळ्या महिनाभराच्या दिल्यात, पन महिन्याच्या आधीच सरत्यात. मंग तशीच ऱ्हाते मी. आता साखर लई वाढलीया. पायाला मुंग्या येत्यात."

"मुंग्या!" काका उठून उभे राहिले. "म्हणजे साखर घरातच आहे!"

आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर गोजरबाईंचे यजमान कानिफनाथ बसले होते. आत सून मोनिका पुरणपोळ्या करत होती. काकांनी आधी औषधाच्या दुकानदारावर संशय घेतला. मी दुकानाचं बिल तपासलं, गोळ्या पूर्ण महिन्याच्या दिल्या होत्या. मग काका कपाटाखाली आडवे झाले.

"उंदीर," ते आतून म्हणाले.

"उंदराला मधुमेह असतो?"

"तपासला आहेस कधी?"

उंदीर सापडला नाही. काकांना बाहेर ओढून काढावं लागलं. मग ते थेट स्वयंपाकघरात शिरले आणि मोनिकासमोर पाट टाकून बसले.

"सासूची साखर वाढवून तुला काय मिळणार?"

"दवाखान्याच्या फेऱ्या," मोनिका म्हणाली. "जरा सरका, तवा तापलाय."

काका सरकले नाहीत. चौकशी एवढी रंगली की पोळ्या करपल्या, आमटी आटली, आणि जेवणाची वेळ टळून गेली.

तेवढ्यात ओसरीवरून गोजरबाईंची हाक आली. कानिफनाथ घामाने निथळत होते. हात थरथरत होते, डोळे भलतीकडेच लागले होते.

"विषप्रयोग!" काका ओरडले. "कोणी हलायचं नाही!"

मोनिका त्यांना बाजूला सारून धावली. तिने सासऱ्यांना साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने त्यांची नजर ठिकाणावर आली.

"आबा, सकाळपासून काय खाल्लं?"

"गोळी."

"कसली?"

"हिचीच. पुरनपोळी हाय म्हणून आधीच घेतली. गोड खायचं आसलं का म्या एक घेतो. फिट्टंफाट हुतं."

"आणि जेवण?"

कानिफनाथांनी बोट काकांकडे केलं. "ह्यांनी हू दिलं व्हय!"

गोजरबाई पुढे सरसावल्या. "म्हंजी माज्या गोळ्या तुमी खात हुता?"

"मला वाटलं, तुला उरत्यात," ते खाली मान घालून म्हणाले.

त्यांना तहान खूप लागायची, रात्री सारखं उठावं लागायचं. पण घरात एक डॉक्टर चालू असताना दुसरा खर्च कशाला, असा त्यांचा विचार. आम्ही त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. साखर त्यांनाही निघाली. डॉक्टर म्हणाले, "ही गोळी म्हणजे खोडरबर नाही, की पोळी खाल्ली आणि पुसून टाकली. बाईंची गोळी बाईंची तब्येत पाहून दिलीय. तुमची वेगळी असेल. आणि ती घेऊन उपाशी बसायचं नाही."

घरी परतल्यावर दोघांच्या गोळ्या दोन वेगळ्या डब्यांत गेल्या. काका मात्र खुशीत होते.

"जेवण मी मुद्दाम लांबवलं," ते मिशी पिळत म्हणाले. "उपाशी ठेवला की गुन्हेगार बोलतो."

मोनिकाने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यात भाकरी आणि मेथी होती.

"आणि पुरणपोळी?"

"ती पुरावा हुती," गोजरबाई म्हणाल्या. "जप्त केली."