सासऱ्यांना मध्यम कसं द्यायचं?

उत्तमरावांच्या पंचाहत्तरीचं शूटिंग आपणच करणार, असं त्यांच्या धाकट्या जावयानं, गोपालनं, छाती ठोकून सांगितलं होतं. "फोटोवाला कायले पाह्यजे? मी हाये ना." थोरली मेहुणी जयमाला परदेशात. तिला येणं जमत नव्हतं, म्हणून सासऱ्यांचं भाषण ऑनलाइन टाकायचं आणि तिनं तिकडे बसून ऐकायचं, असं ठरलं.

आता उत्तमराव म्हणजे वरवट बकालचे निवृत्त हेडमास्तर. गोपालच्या लग्नात फोटोवाल्यानं त्यांचं डोकं अर्धं कापलं, तर अकरा वर्षं झाली, त्याच्या दुकानावरून जाताना ते मान फिरवतात. असल्या माणसाच्या जावयानं जपून राहावं. गोपाल राहिला नाही.

चिखलीच्या मित्राचा व्हिडिओ कॅमेरा आणला. मेनू उघडला, तर क्वालिटीचे तीन प्रकार: सगळ्यात भारी, मध्यम आणि हलकी. त्याची बायको समीक्षा म्हणाली, "अहो, मध्यम घ्या. ऑनलाइन टाकाले तेवढं पुरते. कार्ड लहान हाये."

"तुया बापाले मध्यम देऊ? पंगतीत अर्धी पोळी वाढतं का त्यायले?"

"पोळी आन् शूटिंग एक नसते."

पण मानपानाचा प्रश्न होता. गोपाल भारी दाबून मोकळा झाला.

दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, हार झाले, आणि हारांना तर अंतच नव्हता. मग उत्तमराव उठले, चष्मा पुसला, "बंधुभगिनींनो" म्हणाले आणि कॅमेऱ्यावर अक्षरं उमटली: कार्ड भरले. लाल दिवा विझला.

गोपालनं बटणं दाबून पाहिली. थांबवावं, तर उत्तमरावांना मध्येच थांबवणारा माणूस गावात अजून जन्मायचा होता. शेवटी बंद कॅमेऱ्याला डोळा लावून तो सव्वा तास माना डोलावत उभा राहिला. उत्तमराव मधूनच कॅमेऱ्याकडे पाहत, "जयमाले, ऐकतं ना?" म्हणत. गोपाल आणखी जोरात मान डोलावी. आईविना दोन लेकी कशा वाढवल्या, हे सांगताना म्हाताऱ्यानं चष्मा काढून डोळे पुसले. सगळा मांडव रडला. गोपालही रडला, पण त्याचं कारण वेगळं होतं.

पंगतीत जावयाचा पाट सासऱ्यांच्या शेजारीच.

"जवाईबुवा, दाखवा बरं शूटिंग."

लाइट गेली म्हणावं, तर पंखा डोक्यावर फिरत होता. गोपालनं डोळे मिटले. "मामाजी, तुमचं भाषण आलंच नाही. मी भारीवर ठेवलं, कार्ड हारातच भरलं."

वाढणारीची पळी वरच्या वर थांबली.

"एक शब्दबी नाही?"

"बंधुभगिनींनो आलं."

उत्तमरावांनी पाण्याचा गिलास खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "बरं झालं. मले रडताना पाहून पोरगी तिकडे जेवली नसती. ते हारतुरे पुसा आन् लावा कॅमेरा. आता नीट सांगतो."

गोपालला जीव परत आल्यासारखं झालं. आता धोका नको म्हणून त्यानं कार्ड रिकामं करून सगळ्यात हलकी क्वालिटी दाबली. उत्तमराव चष्मा वर करून कॅमेऱ्यात डोकावले.

"हे नऊ तास काय लिवलं?"

"तेवढं शूटिंग मावते आता, मामाजी."

उत्तमरावांचा चेहरा खुलला. त्यांनी टोपी सरळ केली. पंगतीतली माणसं हात न धुताच चपला शोधू लागली.

"मंग जन्मापासूनच घेतो," ते म्हणाले. "सकाळी लय घाई झाली होती."